मोरदऱ्याच्या विहिरीतले पाच आवाज

भर दुपारी बाराला कुणी हाक मारली तर ओ देऊ नये, आसं म्हणतात. जानकीनं ओ दिली न्हाई. पर तिनं त्याहून वंगाळ काम केलं. तिनं फटीतून डोकावून बघितलं.

जागा व्हती आंबाजोगाईची. कॉलेजच्या ग्रंथालयाच्या मागं एक लांबोळकी खोली हाय, जुनी त्रैमासिकं, मासिकं बांधून ठेवायची. तिकडं कुणी फिरकत न्हाई. त्या साली तर माणसांना पाण्याच्या टँकरमागं पळण्यातून सवड न्हवती, जुने अंक कोण वाचतंय? लाईट गेलेली. पंखा थांबलेला. ग्रंथपाल जेवायला गेले व्हते. खोलीत आपण एकलीच हावोत, आसं धरून जानकी खालच्या फळीवरच्या अंकांची धूळ पुसत बसलेली.

अन् रॅकच्या पल्याडून आवाज आला. म्हाताऱ्या गड्याचा. घोगरा, वलसर, जसा काय लई खोलातून येतोय…

"पाणी मागायचं नसतंय, बाबा. पाणी नावानं येतंय. माझं नाव म्हाळू. मी खाली, तू वर. इचार काय इचारायचं ते."

जानकीच्या अंगावर सर्रकन काटा आला. कावून म्हणाल, तर हेच शब्द ती गेल्या दिवाळीपासून धुंडत व्हती. दुष्काळ अन् सहकार ह्याच्यावर ती प्रबंध लिहीत व्हती. कुठलाबी लेख उघडा, खाली तळटीपेत एकाच जुन्या लेखाचा आधार दिलेला — बहात्तरच्या दुष्काळात एका प्राध्यापकानं लिंबागणेशच्या पल्याडच्या मोरदऱ्याला जाऊन लिहिलेला, तिथल्या विहिरीच्या सोसायटीवर. "पाणी नावानं येतं" ही ओळ सगळ्यांनी उतरवून घेतलेली. पर मूळ लेख? त्यो कुणी बघितला, त्ये कुणी सांगायला तयार न्हाई.

तिनं दोन जाडजूड बांधणीच्या मधल्या फटीतून बघितलं. पल्याडून दोन डोळे तिच्याकडंच बघत व्हते.

तिच्या हातातला अंक निसटला तो थेट पायाच्या आंगठ्यावर.

"घाबरल्या का?" डोळ्यांनी इचारलं. आता आवाज म्हाताऱ्याचा न्हवता. चांगला तरणाताठा व्हता.

"न्हाई."

"मग पुस्तक कावून पाडलं?"

"ते… ते आपोआप पडलं."

"आमच्या गावात आपोआप काई पडत न्हाई," आसं म्हणत तो रॅकला वळसा घालून आला. उंच, काटक, उन्हानं रापलेला. शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अन् गंमत अशी, त्या कोरड्याठाक खोलीत त्याच्या अंगाला ताज्या दुधाचा वास येत व्हता. नाव म्हणला शहादेव. लिंबागणेशच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी. "ह्या साली दूध कमी अन् सुट्ट्याच जास्ती," म्हणला. "म्हणून आलतो."

"अन् म्हाताऱ्याच्या आवाजात कावून वाचत व्हता?" जानकीनं आंगठा चोळत इचारलं.

"आज्याचं बोलणं आज्यासारखंच वाचावं लागतंय."

"म्हणजे हा म्हाळू—"

"माझा आजा. आजीनं धाडलंय. म्हणली, मरायच्या आधी मला त्येचं छापलेलं ऐकायचं हाय. जा, डोक्यात भरून आण."

जानकीचे डोळे लकाकले. "मला भेटवा की त्यांना. किती दिवस धुंडतेय मी."

"भेटवलं आसतं," शहादेव म्हणला. "पर मेलाय तो."

"अरे… कधी?"

त्यानं अंक तिच्याकडं वळवला अन् छापील ओळीवर बोट ठेवलं. नख पांढरंफटक झालतं, एवढं दाबून.

"हे बोलायच्या आदल्या साली."

तेवढ्यात लाईट आली. पंखा घरघरला, अन् अंकाची पानं एकामागून एक आपली आपणच उलटायला लागली. दोघांचेबी हात एकदमच पानावर पडले. जानकीनं तिचा काढून घेतला — पर लगेच न्हाई.

मग दोघं खाली फरशीवरच बसले. लेखात पाच मुलाखती व्हत्या, सोसायटीच्या पाच सभासदांच्या. शहादेवनं एकेका नावावर बोट ठेवत सांगितलं. ही विहीर ह्याच पाच जणांनी मिळून खांदायला घेतली. खालचा खडक फुटंना म्हणून सुरुंग लावले. एक उडालाच न्हाई. वाट बघून बघून पाचीजण खाली उतरले बघायला… अन् मग उडाला. विहिरीला पाणी लागलं ते त्याच दिवशी. दुसऱ्या साली दुष्काळ पडला, अन् प्राध्यापक आले मुलाखती घ्यायला.

"पाची मेलेले," शहादेव म्हणला, "अन् पाचीजण बोललेले."

जानकीनं अंक सोताकडं वढला. तिनं पान बघितलं. लेख एकसष्टव्या पानावर सुरू व्हत व्हता. अन् आजवर ज्या ज्या लेखांनी ह्याचा आधार घेतला, त्या समद्यांनी तळटीपेत लिहिलेलं — पान एकेचाळीस.

"काय झालं?" शहादेवनं इचारलं. "तुमचा चेहरा आमच्या दुधाचं फॅट मोजायच्या मशीनवानी झालाय. आकडा यायच्या आधी आसाच थरथरतो."

"एकानं पान चुकीचं लिहिलं," जानकी हळूच म्हणली, "अन् बाकीच्यांनी त्याचंच बघून उतरवलं. मूळ लेख कुणी उघडलाच न्हाई. तुमी अन् मी, आपण पहिलेच."

"मग आता?"

"आता चाळण लावायची. लिहिणारा कोण, छापलं कुठं, छापायच्या आधी दुसऱ्या जाणत्यानं तपासलं का… अन् लिहिणाऱ्यानं सोताच्या डोळ्यानं बघितलं का नुसतं ऐकलं."

"आमचंबी तसंच हाय. कुणाच्या गोठ्यातलं, कुणी आणलं, अन् वाटेत पाणी घातलं का." तो हसला. "तुमी लेखातलं पाणी काढता, मी दुधातलं. जोडी बरी हाय."

जानकीनं मान खाली घातली अन् उगीचच वहीचं पान उलटलं. कोरं व्हतं.

बद्रीनाथ सर तिचे मार्गदर्शक. माणूस चांगला, पर थकलेला. त्यांनी सगळं ऐकलं अन् हात झटकला. "अगं, सगळ्यांनी आधार घेतलाय त्या लेखाचा. तूही घे. प्रबंध पुरा कर."

"सर, साक्षीदार मेलेले हायत."

"सोसायटीत मेलेली माणसं मतदान करतात आपल्याकडं. एकदा मुलाखत दिली तर काय बिघडलं?"

पर पानाच्या आकड्याचं तिनं सांगितलं तसा सरांनी चष्मा काढला. लई वेळ पुसत बसले. मग म्हणले, "जानकी, तुझा अर्धा प्रबंध ह्या एका लेखावर उभा आहे. तो खोटा निघाला तर हे साल गेलं समज. अन् तुझे वडील पुढच्या सालापर्यंत थांबतील का?"

न्हवते थांबणार. बबनराव, तिचे वडील, केजकडचे शेतकरी. एका शब्दावर थांबले व्हते — पावसाळ्याआधी प्रबंध गेला तर कॉलेजातली मास्तरकी, न्हाईतर ऊसतोडीच्या एका मुकादमाच्या पोराशी लगीन. त्या पोराचा फोटो आईनं मिठाच्या डब्यामागं उभा करून ठेवलेला. भाजीला मीठ घालताना रोज दिसायचा. डोळे मिटून उतरवून घेतलं आसतं, तर सुटली आसती पोरगी. लेख तर आता हातात व्हता, पानबी बरोबर लिहिता आलं आसतं. कुणाला कळणार व्हतं?

"जाऊन बघते, सर," ती म्हणली.

"जा. पण कुणीतरी जिवंत माणूस बघून ये."

शहादेवच्या मोटारसायकलला दुधाची कॅन बांधलेली. रिकामी. सगळ्या वाटेनं खणखण वाजत व्हती. लिंबागणेशला गणपतीपुढं दोघांनी हात जोडले. जानकीनं काय मागितलं त्ये तिलाच ठाऊक, पर डोळे उघडले तर शहादेव तिच्याकडं बघत उभा.

"देवाकडं बघा," ती म्हणली.

"देव रोज बघतो मी. आमची सोसायटी समोरच हाय."

लिंबागणेश सुटलं अन् बालाघाटचे उघडे डोंगर सुरू झाले. मोरदरा डोंगराच्या कुशीत. घरं व्हती, माणसं न्हवती. अर्धं गाव ऊस तोडायला गेलतं ते आजून परतायचं व्हतं. उरलेलं जनावरं घिऊन चारा छावणीला. दारादाराला कुलूप, अन् कुलपाच्या भोकात धूळ जाऊ न्हाई म्हणून चिंधी कोंबलेली. कुत्रं न्हाई, कावळा न्हाई. वारासुदिक घराला वळसा घालून जात व्हता, आत कुणी झोपलंय म्हणल्यावर जावं तसा.

"आजी कुठं गेली?" शहादेवनं सोताच्या घरात डोकावलं. दार सताड उघडं. चूल आजून गरम. "तुमी हितंच थांबा. वरच्या आळीला बघून येतो."

थांबली आसती तर गोष्टच झाली नसती. विहीर समोर दिसत व्हती, पन्नास पावलांवर. जानकी गेली.

विहीर रुंद व्हती. एका अंगाला पायऱ्या, काळ्या दगडाच्या, वळण घिऊन अंधारात उतरणाऱ्या. दुसऱ्या अंगाला चाकाचा खांब. काठावर घागरी मांडलेल्या वळीनं, एकेकीच्या तोंडावर दगड. एक घागर मात्र वळीतून बाजूला, एकलीच. माणूस कुठंच न्हाई. ऊन डोक्यावर उभं, आपली सावली आपल्याच पायाखाली चेंगरलेली. अन् एवढ्या रखरखीत दुपारी विहिरीच्या तोंडातून गार, वलसर वारा येत व्हता. कुणी तरी हळूहळू श्वास सोडावा तसा.

जानकी काठावर वाकली. खाली काळंमिट्ट.

"कुणी… कुणी हाय का?"

हाय का… का… का… आवाज फिरत फिरत खाली गेला. थांबला. अन् मग खालून वर आला.

"हाय."

घोगरा. वलसर. रॅकच्या पल्याडून ऐकलेला तसाच. पर शहादेव तर वरच्या आळीला गेलता.

"कोण?"

"म्हाळू."

दुसरी कुणी आसती तर पळाली आसती. जानकीचेबी पाय पळायलाच निघालते. पर डोक्यानं त्यांना धरून ठेवलं. जन्मभर तळटीपा चाळलेली पोरगी ती. समोर मूळ साक्षीदार आल्यावर इचारल्याबिगर कशी जाईल? तिनं लेखातलाच पहिला प्रश्न इचारला.

"पाणी किती हाय?"

"नावापुरतं."

"कुणाला मिळतं?"

"पाणी मागायचं नसतंय. पाणी नावानं येतंय."

छापील व्हतं तसंच. काना न्हाई, मात्रा न्हाई, इकडची तिकडं न्हाई. जानकीनं काठाचा दगड घट्ट धरला.

"तुमी… तुमी कधी गेलात, बाबा?"

खाली पाण्याचा एक थेंब कुठंतरी पडला. मग तोच आवाज, आता जवळून…

"सुरुंगाच्या दिवशी."

अन् पायऱ्यांवर काठी वाजायला लागली. टक… टक… कुणी तरी वर येत व्हतं. अंधारातून आधी एक लाल पटका वर आला. नुसता पटका. मग काठी धरलेला हात, वाळल्या शेंगेवानी. जानकी मागं सरली ती कुणाच्या तरी छातीला थटली. दुधाचा वास आला. शहादेव. त्यानं तिचं कोपर धरलं, अन् त्याचाबी हात थंडगार पडलेला तिला कळला.

पटका उन्हात आला. पटक्याखाली तोंड व्हतं म्हातारीचं. अंगावर नऊवारी, काखेत घागर. तिनं घागर वळीत ठेवली, तोंडावर दगड ठेवला. डोक्यावरचा पटका सोडला, झटकला, घडी घातली. पाठ जराशी वाकली. अन् मग निराळ्याच, बारीक, खट्याळ आवाजात म्हणली,

"कावून गं पोरी, आज्यासासऱ्याला पयल्या भेटीत 'कधी मेलात' म्हणून इचारत आसतात का?"

"आजे…" शहादेवच्या तोंडून एवढंच निघालं.

"तू गप बस. लिंबागणेशच्या चौकात बसून दुधावर पोसलेला." भिवराबाई पायरीवर टेकली. "ही कोण?"

"ह्या जानकीबाई. त्या लेखाचं बघायला…"

"लेखाचं बघतेय का तुजं?" म्हातारीनं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. शहादेवनं जानकीचं कोपर सोडलं. मघापास्नं धरूनच ठेवलं व्हतं.

मग तिनं सांगितलं. पाच गडी गेले, त्यातल्या चौघांच्या मागं बायका. पोरं रांगती. शेअर मेलेल्यांच्या नावावर, अन् सोसायटीचा नेम आसा, की ज्याच्या नावाचा शेअर त्यानंच बारीला उभं ऱ्हायचं, नाव सांगायचं अन् पाणी उचलायचं. दुष्काळ पडला तसं पंच म्हणले, नाव मेलं, पाणी मेलं.

"आमी चौघी बसलो हितंच," भिवराबाई म्हणली. "मी, बायना, छबू अन् मंजुळा. म्हणलं, माणूस मेलंय, नाव कुठं मेलंय? नाव तर सोसायटीत जित्तं हाय. मग त्येला पाण्याला कोण आडीवतंय? आपापल्या धन्याचा पटका डोक्याला बांधला अन् उतरलो. हिरीत हाय तवर म्हाळू, वर आलं का भिवरा. पंचांनी हाळी दिली 'म्हाळू', मी म्हणलं 'हाय'. काय करतेत? त्येंचाच नेम. सुकाळ आला का पटका पेटीत. दुष्काळ पडला का पुन्हा बाहीर. म्हणून तुला ठावं न्हाई रे शहादेवा, तुज्या जलमात एवढा दुष्काळ न्हवता पडला."

"अन् प्राध्यापक?" जानकीनं इचारलं.

"छत्री घिऊन आलता. आमी खाली गाळ काढत व्हतो, ऐन दुपारच्याला. वरून त्येला काय दिसतंय? नुसते पटके. म्हणला, वर या, बोलायचंय. आमी म्हणलं, गाळ सोडून कोण येतंय, तिथनंच इचार. हिरीत आवाज जाडा व्हतो. त्येला वाटलं गडी हायत. म्हणलं, वाटू दे." तिनं पटक्याची घडी मांडीवर सारखी केली. "बाईचं कोण छापतंय?"

जानकी मटकन खाली बसली. लेख खोटा न्हवता. शब्दन् शब्द खरा व्हता. नुसती नावं उसनी व्हती. तिला हसू आलं, अन् हसता हसता डोळे भरले.

पर चाळण ती चाळण. तिनं अंकाची झेरॉक्स काढलेली पानं पिशवीतून काढली अन् पालथी धरली. "आजी, मी वाचत न्हाई. तुमीच सांगा. बायनाबाई काय म्हणली व्हती?"

"म्हणली, हिशेब आमच्या कमरेला हाय, पाणी कमरेखाली गेलं का घागर अर्धी."

जानकीनं पान उलटं केलं. तसंच व्हतं. छबूबाईचं बरोबर. मंजुळाबाईचा तर मधला खोकलासुदिक कंसात छापलेला, तो म्हातारीनं खोकून दाखवला. शहादेव वाकून तिच्या खांद्यावरून बघत व्हता. त्याचा श्वास तिच्या कानापाशी लागत व्हता, अन् वळी मधी मधी पुसट व्हत व्हत्या.

"अन् पाचवी?" जानकीनं इचारलं. "राधाकिशनच्या नावानं कोण बोललं?"

भिवराबाईचा हात पटक्यावर थांबला.

"त्येला कुणीच न्हवतं. बिनलग्नाचा गेला. त्येच्या नावानं खाली कुणी गेलंच न्हाई."

"पर मुलाखत छापलीय…"

"आसंल." म्हातारी आता विहिरीकडं बघत न्हवती. "आमी चौघीच व्हतो, पोरी. वरून त्यो म्हणला, अन् पाचवे सभासद? आमी गप. अन् मग आमच्यामागं, खडकाच्या अंगानं आवाज आला. आमी एकमेकीकडं बघितलं. चौघींचीबी तोंडं मिटलेली. तवापास्नं आज हाय, कुणी कुणाला इचारलं न्हाई."

"काय म्हणला आवाज?"

म्हातारीनं डोळे मिटले. "'माज्यामागं रडाया कुणी न्हाई. माज्या वाट्याची घागर गावात नवं लगीन लागंल त्या जोडीला द्यावी. दोरानं वढावी. वढताना एकमेकाकडं बघावं, खाली बघू न्हाई.'"

जानकीनं पान उलटलं. पान एकोणसत्तर. राधाकिशन, सभासद. शब्दाला शब्द तोच.

विहिरीनं एक गार श्वास सोडला.

"ती तिकडची घागर त्येची," भिवराबाई उठत म्हणली. बाजूला एकली ठेवलेली, तीच. "ह्या साली गावात लगीन न्हाई. कोरडीच हाय बिचारी. बरं, मी जाते. चुलीवर दूध ठिवलंय."

"आजे, दूध कुठलं? सोसायटीलाच न्हाई."

"मग पाणी ठिवते," म्हणून म्हातारी काठी टेकत निघाली, एकदाबी मागं न बघता. मागं न बघणाऱ्या म्हाताऱ्यांना समदं दिसत आसतंय, बरं का.

दोघंच उरले. शहादेव काठावर बसला. जानकी जरा अंतर ठेवून. मग अंतर जरा कमी करून.

"पाचव्याचं काय लिहिणार?" त्यानं इचारलं.

"लिहीन, पडताळा झाला न्हाई. खरं म्हणायला पुरावा न्हाई, खोटं म्हणायला जीव न्हाई."

"ऱ्हायला माझा पडताळा."

"तुमचा?"

"मला कुठं मांडलंय तुमी? खऱ्याच्या खान्यात का रद्दीत?"

जानकीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुमाला… आधी कुणी तपासलंय?"

"आजीनं. मघाशीच."

"ती घरचीच. तिचं धरत न्हाईत. बाहेरचं, निष्पक्ष माणूस लागतं."

"मग तुमीच तपासा." तो हसत न्हवता आता. "घाई न्हाई. दुरुस्त्या सांगा, मी करतो. एकदा न्हाई जमलं तर पुन्हा… सगळा जन्म हाय. फकस्त एक हाय जानकी, उतरवून घेऊ नको. मनाला खरं वाटलं, तरच…"

विहिरीतला वारा तिच्या कानामागची बट उडवत व्हता. ती सारखी करायला शहादेवचा हात उठला अन् मधीच आडखळला, परवानगी मागितल्यावानी. जानकीनं मान जराशी — जराशीच — त्याच्याकडं कलती केली.

"माझ्या वडलांना भेटायला या," ती म्हणली. "अन् ती कॅन घरी ठेवून या. लई वाजती."

प्रबंध वेळेत गेला. जिथं पाच गडी व्हते, तिथं चार बायकांची नावं आली, पडताळ्यासकट, अन् राधाकिशनपुढं लिहिलं, 'पडताळा झाला न्हाई'. बद्रीनाथ सरांनी ते पान दोनदा वाचलं अन् म्हणले, "आता लोक तुझा लेख न वाचता तुझा आधार घेतील." कॉलेजात तिला शिकवायला बोलावलं.

बबनराव मात्र आडून बसले. शब्द पाळला, मास्तरकी करू दिली, पर दूधवाल्याला पोरगी? तर एका दुपारी त्यांच्या दारात काठी वाजली. दारात लाल पटका. आवाज आला घोगरा, "मी म्हाळू, मोरदऱ्याचा. नातवासाठी आलोय." बबनरावांनी प्रबंधाची सगळी कथा लेकीकडून ऐकलेली. आता मेलेला माणूस सोता मागणी घालायला आल्यावर त्याला न्हाई कोण म्हणतंय? घोंगडी आंथरली, च्या दिला. पटक्यानं बशीतून फुंकून प्याला, अन् तारीख घिऊनच उठला.

लगीन मोरदऱ्यालाच लागलं. छावणीवरची माणसं आली, तोडीवरून परतलेली आली. मांडवाला डहाळे न्हवते, म्हणून उसाच्या शेंड्यांची वाळली वाढंच बांधली. अक्षता पडल्या अन् सगळं गाव विहिरीकडं निघालं. राधाकिशनची घागर दोराला बांधून खाली सोडली. पाणी पार तळच्या खडकाला टेकलेलं. घागर बुडली तरी नशीब, म्हणत व्हते लोक.

दोघांनी मिळून दोर धरला. शहादेव तिच्याकडं बघत व्हता, ती त्याच्याकडं. दोर वढला… अन् जानकीच्या हाताला कळलं. भरल्या घागरीचा भार येतच न्हवता. घागर अलगद वर येत व्हती, खालून कुणी तरी तळहातावर उचलून धरल्यावानी.

तिनं शहादेवच्या डोळ्यांतून नजर काढली. लेखातलं उतरवून न घेणारी पोरगी ती, दुसऱ्यानं सांगितलं म्हणून कशी ऱ्हाईल? तिनं खाली बघितलं.

क्षणभरच. मग घागर काठावर आली, काठोकाठ भरलेली. पाणी हाताला गार लागलं. बायकांनी गाणं धरलं. जानकीचं तोंड पांढरं झालतं, अन् ती हसत व्हती. प्रबंधातली राधाकिशनची ओळ तिनं पुढं कधी बदलली न्हाई, छापलेलं छापलेलं ऱ्हायलं. पर शहादेवनं हळूच इचारलं, "काय गं, काय दिसलं?" तवा तिनं वल्या हातानं त्याचा हात घट्ट धरला अन् त्याच्या कानापाशी जाऊन म्हणली,

"पडताळा झाला."